मूळपुरुषाचं रफू

आमचा मूळपुरुष रत्नागिरीहून मॉरिशसला पोहत आला. बोट होती, नाही असं नाही. पण बोटीवरचा तांदूळ किडका निघाला म्हणून त्याने रागारागाने उडी मारली आणि उरलेला समुद्र एका कासवाशी गप्पा मारत कापला. पोर्ट लुईच्या धक्क्यावर गोऱ्या कारकुनाने विचारलं, "नाव?" हा म्हणाला, "धोंडू." "बापाचं?" हा म्हणाला, "तो नाही आला." कारकुनाने वैतागून दोन्हीकडे धोंडूच लिहिलं. तेव्हापासून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धोंडू. मी जगन्नाथ धोंडू. गावात मला जगूकाका म्हणतात, आणि मी पाठ वळवली की थापाड्या म्हणतात.

त्या गोष्टीतलं कासव माझं आहे. पण पुढे जे फळ येतं ते मी घातलेलं नाही. आयुष्यभर एवढ्या थापा मारल्या, त्यात एक खरी गोष्ट होती आणि नेमकी तीच महागात पडली.

कोकणात आमच्या घरी देवघरात मूळपुरुष म्हणून नारळ बसवायची रीत होती. धोंडूला इकडे आल्याबरोबर ऊसमळ्यासाठी डोंगरावरचं रान तोडायला पाठवलं. गणपती आले. वर रानात नारळ कुठला मिळणार? त्याने एका ताडाचं फळ उचललं. नारळाएवढंच, काळं, वजनदार. त्याला कुंकू लावलं, तेल घातलं आणि म्हणाला, आजपासून हा आमचा मूळपुरुष. पुढे खाली आल्यावर नारळ पैशाला पासरी मिळाले, पण एकदा बसवलेला देव बदलतात होय? तेच फळ घराण्यात राहिलं. रोज संध्याकाळी तेलाचं बोट, वर्षाला कापराचा धूर. पाचव्या पिढीपर्यंत तो कशाचा गोळा आहे हे ओळखायची सोय राहिली नव्हती.

ज्या ताडाचं ते फळ, त्याला क्रेओलमध्ये पाल्मिस सुपीर म्हणत. आम्ही उसाशाचा ताड म्हणायचो. वारा त्याच्या झावळ्यांतून गेला की कुणीतरी डोक्यावरचा भारा खाली ठेवल्यासारखा आवाज येतो. हे झाड जगात फक्त आमच्या बेटावर. आमचं बेट म्हणजे समुद्राच्या पोटातून उसळलेला ज्वालामुखी. चारी बाजूंनी इतका दूर, की कोणे एके काळी वाऱ्याने, पाण्याने, पाखराच्या पोटातून जी काही बियाणी आली तेवढीच इथली प्रजा. पानं खाणारं मोठं जनावर कासवाशिवाय कुणी नाही, त्यामुळे पुष्कळ झाडांनी काटे, विष असल्या भानगडी ठेवल्याच नाहीत. भोळी झाडं. मग माणूस आला, त्याच्यामागून माकडं, हरणं, डुकरं आणि चिनी पेरू. या चिनी पेरूने रानाचं जे केलं ते सावत्र नातेवाइकही करत नाहीत.

उसाशाच्या ताडात नर वेगळा, मादी वेगळी. मी सांगतोय त्या काळात, म्हणजे समुद्राने आमचा खालचा रस्ता गिळला आणि शहाणे लोक चंद्रावर हॉटेल बांधायला निघाले त्या दिवसांत, जगात एकच ताड उरला होता. आमच्या गावामागच्या कड्यावर, जाळीच्या कुंपणात. नर. म्हातारा. दर वर्षी फुलायचा. त्याचं पिवळं पीठ वाऱ्यावर उडायचं आणि चिनी पेरूंवर जाऊन बसायचं.

*

देवघर होतं माझ्या वहिनींकडे, शेवंतीवहिनी. भाऊ गेल्यापासून त्या आणि त्यांची मुलगी मैना. वहिनींनी उमेदीची सगळी वर्षं स्वेटरच्या कारखान्यात रफू करण्यात घालवली. मैना डोंगरावरच्या झाडांच्या प्रयोगशाळेत शिकून मोठी झालेली. आमच्या घरात मराठी देवापुढे, क्रेओल चुलीपुढे आणि फ्रेंच डॉक्टरपुढे. मैना मात्र तिन्ही भाषांत गप्पच.

ती अशी नव्हती. तिचा धाकटा भाऊ हरी होता तोवर घरात तिचं खळखळून हसणं रस्त्यावर ऐकू यायचं. मी थाप मारायला बसलो की ही मोठ्याने हसायची आणि हरी तोंडातून आवाजही न काढता खांदे हलवायचा. हरी मासेमारीला जायचा. एका वादळात त्याची बोट प्रवाळाच्या भिंतीपलीकडे गेली ती परत आली नाही. शोधणाऱ्यांनी शोधलं, मग थांबले. वहिनी पुष्कळ दिवस किनाऱ्यावर जाऊन उभ्या राहायच्या.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. ज्याचं शरीर हाती लागलं नाही, त्याच्या नावाने मूळपुरुषाला लाल दोरा बांधायचा. म्हणजे तो माणूस भटकत नाही, घरात येऊन बसतो. हरीचा दोरा वहिनींनी स्वतः बांधला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेलाचं बोट लावताना त्या फळाशी बोलायच्या. आज बाजारात काय महाग झालं, मैनाने डबा कसा परत आणला, भावजींनी कोणती नवी थाप मारली. मैना दारात उभी राहून ऐकायची. आई तिच्याबद्दल सगळं सांगायची, पण हरीला.

*

त्या वर्षी गणपतीच्या जेवणाला मैनाने आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मादाम क्लेमांस यांना बोलावलं. उंच, वाळक्या, हातावर कायम माती. केळीच्या पानावर सात भाज्या वाढल्या. मादामनी मोदक सुरीने कापायला घेतला तेव्हा मला राहवेना. मी म्हणालो, "मादाम, त्याला चिरू नका, तो ओरडतो."

"आयो, काका!" मैना म्हणाली.

मी रंगात आलो. कासव झालं, कारकून झाला. मग देवघराकडे बोट दाखवून म्हणालो, "आणि तो बघा आमचा मूळपुरुष. नारळ वाटतोय ना? नारळ नाही. उसाशाच्या ताडाचं फळ आहे!"

सगळे हसले. मादाम हसल्या नाहीत. त्या हात न धुताच उठल्या, देवघरापाशी गेल्या आणि उंबऱ्याबाहेर गुडघे टेकून बसल्या. आम्हाला वाटलं बाईंना भक्ती दाटून आली. बराच वेळ बघून त्यांनी मैनाला हलक्या आवाजात काही सांगितलं. मैना पांढरी पडली. जन्मभर जे रोज बघितलं, ते तिने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

प्रयोगशाळेत एक यंत्र नुकतंच आलं होतं. त्याचं मूळ नाव लांबलचक. तिथले लोक त्याला शिंपीण म्हणायचे, आणि वहिनींनी नाव ठेवलं रफूगार. मैनाने आम्हाला ते समजावलं ते स्वयंपाकघरात, वाटाणे सोलता सोलता.

"काका, प्रत्येक पेशीत झाडाची सगळी घडण लिहिलेली एक लांबच लांब दोरी असते. बी मेलं म्हणजे ती दोरी तुटते. पण प्रत्येक पेशीत वेगवेगळ्या जागी. एकीत जे हरवलं ते दुसरीत सापडतं. आपल्या फळाला रोज तेल लागलं, त्यामुळे हवा आत गेली नाही, बुरशी लागली नाही. आत पुष्कळ तुकडे शाबूत असणार. यंत्र ते गोळा करतं, वरच्या जिवंत ताडाची अखंड दोरी समोर ठेवून त्यांचा क्रम लावतं आणि एकमेकांना शिवतं. मग ती शिवलेली दोरी जिवंत ताडाच्या एका रिकाम्या केलेल्या पेशीत ठेवायची. पेशी वाढली तर रोप. आणि ते मादी निघालं, तर वरच्याला जोडीदारीण."

"आणि तुकडा सापडलाच नाही तर?" वहिनींनी विचारलं.

"तेवढ्या जागी वरच्या ताडाची नक्कल शिवायची."

"म्हणजे रफूच." वहिनी म्हणाल्या. "मग पुस्तकासारखं नुसतं वाचून घ्या ना तुकडे. फळ कशाला हवं?"

"वाचून नवी दोरी विणता येत नाही अजून, आई. खरे तुकडेच लागतात. सगळं बी..." मैना थांबली.

"सगळं बी काय?"

"दळावं लागतं."

वाटाण्याची शेंग वहिनींच्या हातात तशीच राहिली. "माझ्या पोराचं पीठ करणार तू?"

"आई, मी असं नाही—"

"तू काय गं! तुला झाडं पुरतात. मला तो एवढाच उरलाय."

मैना उठून गेली. मी वाटाणे सोलत बसलो. अशा वेळी थाप सुचत नाही, हा माझ्या धंद्यातला मोठा दोष आहे.

त्यानंतर मायलेकींचं बोलणं तुटलं. मादामनी सरकारकडून एक साहेब पाठवला. त्याने देशाचा वारसा वगैरे शब्द वापरले. वहिनींनी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "देशाला दोन मुलं असतील तर एक द्या म्हणावं."

*

ताड फुलला तेव्हा वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, मला वर घेऊन चला. बघू तरी कोणासाठी मागताहेत."

चढ सोपा नव्हता. मी वाटेत त्यांना सांगत होतो की याच वाटेवर माझ्या आज्याने डोडोला गाडीला जुंपलं होतं. त्या ऐकत नव्हत्या. कुंपणापाशी मैना होतीच. फुलोऱ्याच्या दिवसांत तिची रोज तिथे पाळी असायची. दोघी एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

वारा आला. ताडाने उसासा टाकला आणि पिवळं पीठ भसकन उडालं. मैनाच्या केसांवर, माझ्या टकलावर, खाली पेरूंच्या पानांवर. सगळा उतार हळद सांडल्यासारखा दिसायला लागला.

"दर वर्षी असंच?" वहिनींनी विचारलं.

"दर वर्षी."

"त्याला ठाऊक नाही, कोणी नाही ते?"

"कसं कळणार? झाड आहे ते, आई. त्याचं काम बोलावणं."

वहिनी पेरूच्या पानावरचं पीठ बोटाने पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी किनाऱ्यावर उभी राहायचे तेव्हा सगळे मला टाळून जायचे. कुणी येऊन सांगितलं नाही की घरी जा, तो येणार नाही. सांगायला तोंड नव्हतं कुणाला." पदराने हात पुसून त्यांनी मैनाकडे पाहिलं. "याला सांगता येत नाही. मग आणून तरी दे. ने ते फळ."

नेण्याच्या दिवशी त्यांनी फळाला शेवटचं तेल लावलं. सगळे दोरे सोडले. जुने दोरे तांब्याच्या डबीत गेले. हरीचा त्यांनी स्वतःच्या मनगटाला बांधला.

*

रोप आलं. किती यत्न फुकट गेले, किती पेशी काचेतच काळवंडल्या ते मैनाला विचारा; पण शेवटी एक कोंब टिकला. हिरवा, बोटाएवढा. बातमी बेटभर झाली. मादाम म्हणे लहान मुलीसारख्या रडल्या. देवघरात मूळपुरुषाच्या जागी वहिनींनी साधा नारळ ठेवला होता. त्याला त्या तेल लावायच्या, बोलायच्या मात्र नाहीत.

एवढ्याशा कोंबाच्या पानावरूनही नर की मादी ते तपासता येतं. तपासायच्या दिवशी मी आणि वहिनी प्रयोगशाळेत गेलो होतो, पेढे घेऊन. आत काचेपलीकडे सगळे एका पडद्यापुढे उभे. मग एकेक जण खुर्चीत बसत गेला. मादाम भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मैना बाहेर आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"नर," ती म्हणाली. "नर आहे, काका."

आणि माझ्या शेजारी वहिनी ताडकन उठल्या. "मुलगा?" त्यांचा चेहरा मी हरी गेल्यापासून असा पाहिला नव्हता. "मुलगा आहे? भावजी, ऐकलंत? मी म्हणत नव्हते? तोच आहे!"

त्यांनी पेढ्यांचा खोका उघडला आणि काचेच्या दारातून आत गेल्या. सगळे सुतक पडल्यासारखे बसलेले, आणि ही बाई एकेकाच्या हातावर पेढा ठेवतेय. कुणाला नाही म्हणता येईना. मादामनी पेढा घेतला, तोंडात ठेवला आणि चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. वहिनी म्हणाल्या, "रडू नका. आनंदाचं आहे."

*

मैना आठवडाभर घरी नुसती येऊन झोपत होती. मी तिला एका संध्याकाळी ओट्यावर गाठलं.

"पोरी, नर तर नर. नशीब. आईला आनंद झालाय तर होऊ दे."

"नशीब नाही, काका. तेच तर." तिने गुडघ्यांत डोकं घातलं होतं. "नर ताडाच्या दोरीत एक जादा भाग असतो. मादीत तो मुळातच नसतो. आमच्याजवळ नमुना एकच, वरचा म्हातारा. यंत्राने फळातले तुकडे त्याच्याशी जुळवले. तो जादा भाग फळात कुठेच सापडेना. यंत्राला वाटलं, हरवलाय. त्याने नक्कल शिवून टाकली."

मला समजायला वेळ लागला. "म्हणजे फळात..."

"मादी होती. शंभर-दीडशे वर्षं आपल्या देवघरात जगातली शेवटची मादी बसली होती. आणि आम्ही तिचं बाईपण फाटलंय समजून रफू केलं. आता ते ठिगळ उसवून बघितलं तर पेशी मरतात. बी संपलं. सगळं दळलं होतं."

"आईला सांगू नको."

"सांगणार नाही," ती म्हणाली.

मागे दार वाजलं. वहिनी हातात तेलाची वाटी घेऊन उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. सगळंच असावं, कारण त्या येऊन आमच्या दोघांच्या मधे पायरीवर बसल्या आणि वाटी खाली ठेवली.

"मुलगी होती?"

मैनाने मान डोलावली.

"मग हा जो मुलगा आहे, तो आपला नाही."

"पुष्कळसा आपलाच आहे, आई. पण मुलगा आहे एवढं मात्र... ते आपलं नाही. वरच्याचं आहे."

वहिनी मनगटावरचा दोरा फिरवत बसल्या. मला वाटलं आता या ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ज्याच्याजवळ एकच कापड, तो दुसरं काय करणार?" त्या म्हणाल्या. "मीही तेच करते. हरीचा चेहरा आहे माझ्याजवळ. हात आहेत. भात कसा कालवायचा ते आहे. हसणं गेलं. कसा हसायचा ते मला आठवत नाही, मैना. पुष्कळ वर्षं झाली. तिथे मी तुझं हसणं लावते."

मैनाने डोकं वर केलं.

"तू मोठ्याने हसायचीस ना, ते. त्याच्या तोंडी घालते आणि मग तो पुरा होतो. पण हल्ली तू हसत नाहीस. मग तोही हसत नाही."

मैना आईच्या मांडीवर कोसळली. लहानपणापासून ती त्या मांडीवर किती वेळा झोपली असेल ते असेल. हरी गेल्यापासूनची ही पहिलीच वेळ.

*

रोप प्रयोगशाळेत ठेवायचं असं ठरत होतं. वहिनींनी मादामना सांगितलं, "त्याला वरच्याच्या शेजारी लावा." मादाम म्हणाल्या, त्याचा आता उपयोग नाही, दोन नर आहेत, त्यांच्यात काही होणार नाही. वहिनी म्हणाल्या, "लेकरं होणार नाहीत. सोबत होईल की."

मादामनी बराच वेळ हातावरची माती चोळली आणि हो म्हणाल्या.

आम्ही ते कुंपणाच्या आत, म्हाताऱ्याच्या सावलीत लावलं. खड्डा मैनाने खणला. वहिनींनी मनगटाचा दोरा सोडून त्या हिरव्या खोडाला बांधला. "आई, सैल बांध," मैना म्हणाली, "वाढेल तो." वहिनींनी पुन्हा सोडून सैल बांधला. फुलायला त्याला माझ्यासारख्या म्हाताऱ्याने मोजू नयेत इतकी वर्षं लागतील. मग तोही पीठ उडवील, शोधेल, बोलावील. म्हातारा तेव्हा असेल नसेल.

आम्ही तिघं दगडावर बसलो. खाली समुद्र, प्रवाळाच्या भिंतीवर पांढरी रेघ. वहिनी म्हणाल्या, "मैना, हस की गं जरा."

"असं कसं हसू, आई?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या जन्मात माझ्या थापांची कुणाला इतकी गरज पडली नव्हती.

मी घसा खाकरला. म्हणालो, "ते कासव आठवतं ना, मूळपुरुषाबरोबर आलेलं? ते अजून पोर्ट लुईच्या धक्क्यावर रांगेत उभं आहे."

"का?" मैना म्हणाली.

"कारकुनाने विचारलं, बापाचं नाव? आता कासवाची जात. आई वाळूत अंडी घालून गेलेली, बाप कोण ते बघायला कोण थांबतं? ते म्हणालं, साहेब, आठवून सांगतो. कासव ते कासव. अजून आठवतंय. मधे इंग्रज गेले, ऊस गेला, रस्ता समुद्रात गेला, कारकून बदलले. मागे रांग लागलीय, त्यात दोन डोडो होते, ते कंटाळून मेले. परवा मी विचारलं, काय रे, आठवलं का? तर मला म्हणतं, घाई करू नकोस, पहिलं अक्षर आलंय, ध!"

मैनाच्या तोंडातून आधी हुंदका निघाला. मग त्याच्यामागून ते जुनं खळखळणारं हसू फुटलं, रस्त्यावर ऐकू जायचं ते. रडत होती आणि हसत होती, थांबता येईना. वारा आला. म्हाताऱ्या ताडाने भारा खाली ठेवल्यासारखा उसासा टाकला.

वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. "हां," त्या म्हणाल्या. "असाच. असाच हसायचा ना हो, भावजी?"

हरीच्या हसण्याला आवाज नव्हता. नुसते खांदे हलायचे. मला चांगलं आठवतं, आता जगात मला एकट्यालाच आठवत असावं.

"असाच, वहिनी," मी म्हणालो. "अगदी असाच."